सुताला काउंट असतो!

सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. या भागात पिढ्यान्‌पिढ्या विणकरांची वस्ती. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरचा कोणी ना कोणी मागावर, नाही तर सुताच्या धंद्यात असायचा. आठवीच्या वर्गात 'काउंटेबल' आणि 'अनकाउंटेबल' नामे शिकवण्याचा तास होता. मी नेहमीप्रमाणे फळ्याच्या मधोमध रेघ मारली, व्याख्या सांगितली: जे मोजता येते त्याचे नाम काउंटेबल, जे मोजता येत नाही त्याचे अनकाउंटेबल. डावीकडे 'बुक', 'चेअर', 'टॉवेल' लिहिले. उजवीकडे 'वॉटर', 'मिल्क', 'फर्निचर' लिहिले. आपल्या गावाचे एखादे उदाहरण असावे म्हणून उजवीकडे 'यार्न' म्हणजे सूत हाही शब्द लिहिला.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, सुताला तर काउंट असतो. आमच्याकडे विसाचं सूत येतं, चाळिसाचं येतं. मग ते अनकाउंटेबल कसं?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "तो काउंट वेगळा. खाली बस."

ती बसली. पुढे चाचणीत तिने 'यार्न' काउंटेबल लिहिले आणि मी त्यावर लाल फुली मारली. आज मागे वळून पाहताना वाटते, की फुली मारायचीच होती तर ती माझ्या व्याख्येवर मारायला हवी होती. ही व्याख्या आजही वर्गावर्गातून सांगितली जाते. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले, सेमी इंग्रजीचे वर्ग वाढले, त्यामुळे ती आता अधिक लहान वयातल्या मुलांपर्यंत पोचते. म्हणून ती एकदा तपासून पाहणे आवश्यक आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनीही या तपासणीत भाग घ्यावा, कारण प्रश्न व्याकरणाचा असला तरी चूक विचारपद्धतीची आहे.

काउंट म्हणजे काय?

प्रथम त्या मुलीचे म्हणणे समजून घेऊ. सुती धाग्याची जाडी सांगण्यासाठी गिरण्यांमध्ये एक जुने इंग्रजी परिमाण वापरले जाते. ८४० यार्ड लांबीच्या सुताची एक लड धरतात. एक पौंड वजनात अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा काउंट. विसाच्या सुताच्या एका पौंडात २० लडी, म्हणजे १६,८०० यार्ड धागा. मीटरमध्ये सांगायचे तर साधारण ४५४ ग्रॅम सुतात पंधरा किलोमीटरहून जास्त लांबीचा धागा! काउंट वाढला की सूत बारीक होते. चाळिसाचे सूत विसाच्या सुताहून तलम.

म्हणजे सूत मोजता येते, आणि चांगले काटेकोर मोजता येते. तसे पाहिले तर दूध लिटरवर मोजतात, सोने ग्रॅमवर मोजतात, वीज युनिटवर मोजतात. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत तर न मोजता येणारी वस्तू शोधूनही सापडणार नाही. यावर आपण शिक्षक उत्तर देतो, की येथे 'मोजणे' म्हणजे एक, दोन, तीन असे गणणे. ठीक आहे. ही दुरुस्ती मान्य करून व्याख्या पुन्हा तपासू.

दुरुस्त व्याख्येची परीक्षा

विज्ञानात एखादे विधान खरे मानण्यापूर्वी त्यावरून भाकीत करून पाहतात. आपली व्याख्या असे भाकीत करते, की वस्तू पाहिली की तिच्या नामाचे वर्तन आधीच सांगता येईल. गणता येणारी वस्तू असेल तर नामाच्या आधी 'अ' लागेल, शेवटी अनेकवचनाचा 'स' लागेल, 'मेनी' चालेल. नसेल तर यांपैकी काही न लागता 'मच' चालेल.

वर्गात चार खुर्च्या आणि एक टेबल आहे. 'चेअर' गणता येते. त्याच पाच वस्तूंना एकत्र 'फर्निचर' म्हटले की 'फर्निचर्स' म्हणायचे नाही, 'मेनी फर्निचर' म्हणायचे नाही. वस्तू त्याच आणि तेवढ्याच, तरी नामाचे वर्तन उलट. अशा जोड्या इंग्रजीत मुबलक आहेत. 'बॅग' आणि 'लगेज', 'कॉइन' आणि 'मनी', 'शूज' आणि 'फुटवेअर', 'लीव्हज' आणि 'फोलिएज', 'सजेशन' आणि 'ॲडव्हाइस'. प्रत्येक जोडीत पहिला शब्द डाव्या रकान्यात आणि दुसरा उजव्या रकान्यात जातो. पैशांइतकी कसोशीने गणली जाणारी दुसरी वस्तू जगात नसेल, तरी 'मनी' अनकाउंटेबल!

कोणी म्हणेल, हे समूहवाचक शब्द आहेत, यांचे वेगळे. मग धान्याकडे जाऊ. इंग्रजीत 'व्हीट' म्हणजे गहू एकवचनी आणि न गणला जाणारा. 'ओट्स' हे तसलेच धान्य, पण नाम कायम अनेकवचनी. 'राइस' आणि 'बार्ली' गव्हाच्या बाजूला. 'बीन्स', 'लेंटिल्स' ओट्सच्या बाजूला. शेवया म्हणजे 'नूडल्स' अनेकवचनी, पण 'स्पॅगेटी' एकवचनी. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ सालच्या 'लँग्वेज' या ग्रंथात व्हीट आणि ओट्स यांच्याकडे लक्ष वेधले होते. व्याकरणातील वचन आणि बाहेरच्या जगातील संख्या यांची सर्वत्र जुळणी होत नाही, हे दाखवायला एवढी एक जोडी पुरते.

या बाबतीत इतिहासही मजेदार आहे. वाटाण्याला पूर्वीच्या इंग्रजीत 'पीझ' म्हणत. हा शब्द आपल्या 'ज्वारी'सारखा एकवचनी होता. त्याच्या शेवटचा उच्चार अनेकवचनाच्या प्रत्ययासारखा असल्याने लोकांना ते अनेकवचन वाटू लागले. मग एका दाण्यासाठी त्यांनी 'पी' हे नवे एकवचन पाडले. वाटाणा होता तसाच राहिला. नाम मात्र उजव्या रकान्यातून डाव्या रकान्यात गेले. आपल्या डोळ्यांसमोर 'डेटा' हा शब्द उलट दिशेने चालला आहे. तो मुळात 'डेटम'चे अनेकवचन; आता संगणकाच्या क्षेत्रात तो सर्रास एकवचनी वापरला जातो.

आपल्या स्वयंपाकघरात

इंग्रजी ही लहरी भाषा आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आपली भाषा काय करते ते पाहू.

आपण ज्वारी दळतो, मोहरी तडतडते, रवा भाजला जातो: ही सर्व एकवचने. पण पोहे भिजवले, चुरमुरे आणले, शेंगदाणे कुटले: ही अनेकवचने. दाण्याच्या आकारावर हे ठरते म्हणावे, तर तीळ भाजले जातात आणि साबुदाणा भिजवला जातो. सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत संक्रांतीला घरोघरी तीळ असतात. तिळाशेजारी साबुदाण्याचा दाणा ठेवून पाहावा. मोठा दाणा एकवचनात आणि इवलासा तीळ अनेकवचनात!

याहून बोलके उदाहरण हरभऱ्याचे. शेतकरी म्हणतो, "यंदा हरभरा पेरला." त्याच घरातली आई म्हणते, "रात्री हरभरे भिजत घातले." शेतात तो पीक म्हणून एक असतो आणि भांड्यात पडला की अनेक होतो. कोणत्याही मुलाला हा फरक शिकवावा लागत नाही. दोन्ही वाक्ये त्याच्या तोंडी सहज येतात.

पाणिनीच्याही हे लक्षात आले होते. जातीचा बोध करून द्यायचा असेल तेव्हा एकवचनाच्या जागी विकल्पाने बहुवचन वापरावे, असे सूत्र 'अष्टाध्यायी'च्या पहिल्या अध्यायात आहे. 'काशिका' या टीकेत त्याला दिलेली उदाहरणे पिकाचीच आहेत: यव आणि व्रीहि, म्हणजे जव आणि भात. पीक चांगले आले, हे सांगताना दोन्ही वचने चालतात. व्याकरणकाराने येथे शेतातील दाण्यांची संख्या विचारलेली नाही. भाषक काय बोलतो याची नोंद केली आहे.

एका वर्गातले पाणी

सोलापूरचा वर्ग ही या अभ्यासाची उत्तम प्रयोगशाळा आहे. येथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले एका बाकावर बसतात. त्या वर्गात पाण्याविषयी एक साधे वाक्य प्रत्येकाच्या घरच्या भाषेत म्हणून घ्यावे.

मराठी मूल म्हणेल, "पाणी आहे." एकवचन. उर्दू बोलणारे म्हणेल, "पानी है." एकवचन. कन्नड मूल म्हणेल, "नीरु इदे." तेही एकवचन. तेलुगू मूल मात्र म्हणेल, "नीळ्ळु उन्नायि." यातील 'उन्नायि' हे अनेकवचनी क्रियापद आहे, एकच वस्तू असती तर 'उंदि' आले असते. दुधाचेही तेच. 'पालु' हा दुधासाठीचा तेलुगू शब्द अनेकवचनी चालतो. आपण म्हणतो दूध उतू गेले. तेलुगू घरात दूध 'उतू गेली' अशा थाटाचे क्रियापद येते. आणि संस्कृतात? तेथे पाण्याचा 'अप्' हा शब्द नित्य बहुवचनी: 'आपः'.

उजनी धरणातून सगळ्या पेठांना पाणी येते ते एकच. एका गल्लीत ते एकवचनी आणि दुसऱ्या गल्लीत अनेकवचनी होण्यासारखे त्या पाण्यात काही नाही. तेव्हा 'पाणी गणता येत नाही, म्हणून त्याचे नाम अमुक प्रकारचे' ही कारणमीमांसा टिकत नाही. माझ्या वर्गातील तेलुगू मुले 'वॉटर आर' लिहीत, तेव्हा मी त्यांना "पाणी कधी मोजता येतं का?" असे विचारीत असे. माझा प्रश्नच चुकीचा होता. त्यांचा गोंधळ पाण्याविषयी नव्हता; ती आपल्या घरच्या भाषेचा नियम चोखपणे पाळत होती.

नाम एक, साचे अनेक

मग नामाचे वर्तन ठरते कशावर? भाषेतील प्रघातावर, आणि ते नाम आपण कोणत्या साच्यात बसवतो यावर. डेन्मार्कचे भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी १९२४ सालच्या 'फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात गणनीय शब्द आणि राशिवाचक शब्द अशी विभागणी मांडली होती. शालेय पुस्तकांपर्यंत येता येता ती दोन बंद कप्प्यांची झाली. प्रत्यक्षात इंग्रजीतील नेहमीच्या नामांचा मोठा भाग दोन्हीकडे ये-जा करतो.

'ग्लास' नुसते म्हटले तर काच, 'अ ग्लास' म्हटले तर पेला. 'आयर्न' म्हणजे लोखंड, 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री. 'पेपर' म्हणजे कागद, 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका. 'अ चिकन' अंगणात फिरते, 'सम चिकन' ताटात येते. 'हेअर' म्हणजे डोक्यावरचे सगळे केस, पण भातात एखादा सापडला तर तो 'अ हेअर'. यातील 'अ' हा चिमुकला शब्द फार मोठे काम करतो: राशीला आकार देऊन तिची एक वस्तू बनवतो.

उलट, राशिवाचक नामाला 'स' लागला की बहुतेक वेळा दोनांपैकी एक अर्थ निघतो. एक म्हणजे प्रकार: 'ऑइल्स' म्हणजे निरनिराळी तेले, 'गॅसेस' म्हणजे निरनिराळे वायू. दुसरा म्हणजे ठरलेले माप: हॉटेलात 'टू टीज' म्हणजे दोन कप चहा. आपण काय करतो? "दोन चहा आणि एक दूध" असेच सांगतो. पोऱ्याला ते समजते.

आणि 'यार्न'? सूत या राशीसाठी ते एकवचनी. पण निरनिराळ्या जातींच्या सुतांविषयी बोलताना धंद्यात 'यार्न्स' चालते. विसाचे एक, चाळिसाचे दुसरे. म्हणजे त्या मुलीच्या म्हणण्याला इंग्रजीत जागा होती. ती जागा मला ठाऊक नव्हती.

दोन प्रयोग

ही केवळ मते नाहीत. या विषयावर प्रयोग झाले आहेत. १९५७ साली रॉजर ब्राउन या मानसशास्त्रज्ञाने तीन ते पाच वर्षांच्या इंग्रजी भाषक मुलांना एक चित्र दाखवले. त्यात दोन हात काहीतरी मळत होते. मळला जाणारा पदार्थ होता आणि तो एका भांड्यातून ओसंडत होता. चित्र दाखवताना एक बनावट शब्द वापरला, उदाहरणार्थ 'सिब'. तो क्रियापदाच्या साच्यात ऐकवला, की मुले पुढच्या चित्रांतून मळण्याच्या कृतीचे चित्र निवडत. 'अ सिब' म्हटले तर भांडे निवडत. 'सम सिब' असे राशीच्या साच्यात म्हटले तर पदार्थ निवडत. शब्द निरर्थक होता. बहुतेक मुलांनी त्याचा अर्थ केवळ साच्यावरून ताडला.

दुसरा प्रयोग डेव्हिड बार्नर आणि जेसी स्नेडेकर यांचा, २००५ सालचा. त्यांनी मोठ्यांना आणि चार वर्षांच्या मुलांना चित्रे दाखवून 'कोणाजवळ जास्त आहे?' असे विचारले. एकाजवळ आकाराने मोठे पण संख्येने कमी, दुसऱ्याजवळ लहान लहान पण संख्येने अधिक. 'टूथपेस्ट'सारख्या नामांच्या बाबतीत लोकांनी आकारमान पाहिले. 'शूज'सारख्या नामांच्या बाबतीत संख्या पाहिली. 'फर्निचर'च्या बाबतीत? तेथेही संख्याच पाहिली! म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्याही मनात फर्निचर गणलेच जाते. फक्त व्याकरणाच्या साच्यात ते गणले जात नाही. 'स्ट्रिंग'सारखे दोन्हीकडे चालणारे नाम 'स' न लावता विचारले तर लोक आकारमान पाहत, 'स' लावून विचारले तर संख्या पाहत. दोरी तीच, प्रत्ययाने नजर बदलली.

आपली व्याख्या सांगते, की आधी वस्तू पाहा, मग साचा वापरा. पण हे प्रयोग सांगतात, की साचा स्वतःही अर्थ देतो.

मग वर्गात काय करावे?

व्याख्या अगदी टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. पुस्तक, कुत्रा, दूध, वाळू अशा असंख्य नामांच्या बाबतीत ती जुळते. आठवीच्या मुलाला सुरुवातीला एखादा आधार लागतो, हेही खरे. आक्षेप दोन गोष्टींना आहे. अंदाज करायला उपयोगी पडणारी खूण आपण कारण म्हणून सांगतो, हा पहिला. ती फसते तेथे 'अपवाद पाठ करा' म्हणून यादी देतो, हा दुसरा. यात नुकसान होते ते विचार करणाऱ्या मुलाचे. फर्निचर मोजून पाहणारा मुलगा व्याख्येशी प्रामाणिक असतो. त्याचे गुण जातात. यादी घोकणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. विज्ञानाच्या तासाला आपण 'निरीक्षणावर विश्वास ठेव' म्हणतो आणि इंग्रजीच्या तासाला त्याच मुलाला निरीक्षणाबद्दल शिक्षा करतो.

त्याऐवजी नामाला 'तू कोण आहेस?' असे न विचारता 'तू कुठे कुठे बसतोस?' असे विचारावे. वहीत चार रकाने आखावेत: 'अ' लागतो का, 'स' लागतो का, 'मच' चालते का, आणि 'पीस ऑफ'सारखी जोड लागते का. इंग्रजी वर्तमानपत्राचे एक पान घेऊन मुलांनी वीस नामे शोधावीत, ती प्रत्यक्ष ज्या साच्यात आली असतील तेथे खूण करावी आणि जोडीला ते वाक्य लिहून ठेवावे. आठवड्याभरात वर्गापाशी दोनशे नामांचा पुरावा जमतो. काही नामे एकाच रकान्यात दिसतील, बरीच दोन-तीन रकान्यांत दिसतील. मग अर्थ कसा बदलला ते मुलांनीच सांगावे. पुढे तोच तक्ता घरच्या भाषेतील शब्दांचा करावा.

चौथा रकाना आपल्या मुलांना विशेष सोपा जाईल. फर्निचरचे नग, तांदळाचा दाणा, कापसाची गाठ, सुताची लड ही जोड मराठीतही आहे. इंग्रजीत 'अ पीस ऑफ फर्निचर', 'अ ग्रेन ऑफ राइस', 'अ बेल ऑफ कॉटन', 'अ हँक ऑफ यार्न' हे त्याचेच भाऊबंद. 'माहित्या' असे अनेकवचन मराठी मूल कधीच करत नाही. तेव्हा 'इन्फर्मेशन'ला 'स' का लागत नाही, हे सांगायला त्याच्याच भाषेतील 'माहिती' पुरेशी आहे. आपण मात्र मुलांची मातृभाषा केवळ चुकांचे मूळ म्हणून पाहतो.

मला त्या दिवशी दोन वाक्यांचे उत्तर देता आले असते. "तू म्हणतेस तो काउंट म्हणजे एका पौंडात बसणाऱ्या लडींची संख्या, मोजल्या जातात त्या लडी, म्हणून इंग्रजीत 'हँक' या नामाला 'स' लागतो आणि 'यार्न'ला सहसा लागत नाही. आणि सूत मोजता येत नाही हे मी सांगितलं, ते चुकलंच." एवढे म्हणून फळ्यावरची व्याख्या पुसली असती, तर त्या तासाला सगळा वर्ग इंग्रजी शिकला असता, आणि थोडे विज्ञानही.